मोमिनपुऱ्याची वेस

मेहकर हे पैनगंगेकाठचे जुने गाव. बाहेरच्या माणसाला ते शारंगधर बालाजीच्या मूर्तीमुळे किंवा कंचनीच्या महालामुळे ठाऊक असते. मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यात जी सरकारे होती, त्यांत मेहकर हे एक सरकार होते, अशी ऐन-ए-अकबरीत नोंद आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली विभाग. अंमलदार, काझी, देशमुख, देशपांडे यांची ये-जा या गावाने पाहिली. इतिहास लिहिला गेला तो बहुतेक त्यांचाच.

इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटियरमध्ये मात्र एक वेगळी नोंद सापडते. इथले मोमिन, म्हणजे मुसलमान विणकर, एके काळी इतके सधन होते की गावाला तटबंदी घालण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले आणि त्याचा लेख मोमिनपुऱ्याच्या वेशीवर कोरून ठेवला. पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या, १८०३ चा दुष्काळ आला आणि गावाची रया गेली.

आम्हांला ही नोंद मोलाची वाटते. तट बांधणे हे खरे तर राजाचे काम. विणकर काही जहागीरदार नव्हते. पण गावाला गरज होती आणि आपल्या हातात चार पैसे होते, एवढे त्यांना पुरले. तो तट एकट्या मोमिनपुऱ्याचा नव्हता, साऱ्या गावाचा होता. पुढारीपण याहून वेगळे काय असते?

मग ही सवय सुटली कशी? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि पुढे नगरपालिका व लोकल बोर्डांचा कारभार वाढला. पण तेव्हा मताचा अधिकार सगळ्यांना नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटीत कारागीर बसत नसे. मागावर बसणाऱ्याने कारभार दुरूनच पाहायचा, हे मनात मुरले. १९५० च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. कायद्याची दारे उघडली, पण मनातला उंबरठा तसाच राहिला.

आजही आमच्या मोहल्ल्यांत पुढारी म्हटले की नगरसेवक एवढेच डोळ्यांसमोर येते. निवडणूक आली की गल्ली जागी होते, निकाल लागला की पाच वर्षे झोपते. पण सत्तेच्या लहान खुर्च्या कितीतरी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे ठरवले. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेखही तीच ठेवते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशन दुकानाच्या पातळीवरही दक्षता समितीची तरतूद आहे. खेड्यात तर ग्रामसभेत प्रत्येक मतदार हक्काने बसतो.

या खुर्च्यांसाठी प्रचार लागत नाही, पैसा लागत नाही. बहुतेक वेळा लागते ते फक्त पालकसभेला वेळेवर जाणे. आणि आम्ही तिथेच कमी पडतो. उर्दू शाळेत शिक्षक नाही म्हणून चहाच्या टपरीवर हळहळतो, पण ज्या बैठकीत ती मागणी लेखी नोंदवता येते तिथे आमची जागा रिकामी असते. घरातल्या बाईला कायद्याने दिलेली जागा आम्हीच तिला सांगत नाही. ठरावावर तिची सही घरी मागवतो आणि तिला सभेला पाठवत नाही. नुकसान होते ते वर्गात बसलेल्या मुलीचे.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या चार माणसांनी बसून यादी करावी. कोणत्या समित्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, कोण आपा, कोण खाला, कोण तरुण तिथे शोभेल, हे लिहून काढावे. हिशोबात पक्का असलेला दर्जी, बोलण्यात धीट असलेली पदवीधर सून, निवृत्त मास्तर अशी माणसे प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. जो कौमची खिदमत करतो तोच तिचा सरदार, असे आमचे बुजुर्ग सांगत आले.

मेहकरच्या विणकरांनाही कोणी पद दिले नव्हते. त्यांनी काम उचलले, म्हणून गॅझेटियरला त्यांची दखल घ्यावी लागली.