‘सरकार’ या शब्दाची फोड

संस्थानी इंदूरच्या मराठीत ‘सरकार’ म्हणजे खुद्द होळकर महाराज. रेसिडेन्सीच्या कुंपणापलीकडे मात्र तोच शब्द इंग्रजांकडे बोट दाखवी. एकाच शब्दात दडलेल्या अशा दोन सत्ता लोकमान्य टिळकांनी 1916 साली बेळगावात वेगळ्या करून दाखवल्या.

एप्रिलअखेर तेथे होमरूल लीग स्थापन झाली आणि 1 मे रोजी त्यांचे व्याख्यान झाले. पाठोपाठ अहमदनगरला आणखी दोन झाली. थॉमस पेनने 1776 मध्ये अमेरिकेतील वसाहतींना राजेपणच निरर्थक असल्याचे पटवले होते. टिळकांनी राजाला हात लावला नाही. अदृश्य सरकार परब्रह्मासारखे निर्विकार, आपली तक्रार आहे ती दृश्य सरकारविरुद्ध, म्हणजे नोकरशाहीविरुद्ध, असा वेदान्ती युक्तिवाद त्यांनी केला. म्हैसूरचा दाखला दिला : राजा, दिवाण, अंमलदार सारे एतद्देशीय, तरी बादशहाचे राज्य बुडालेले नाही. (संस्थानांवर रेसिडेंटची पकड किती घट्ट होती, हे तुकोजीराव होळकरांच्या 1926 च्या पदत्यागाने आम्हा इंदूरकरांना चांगलेच कळले.)

पोलिसांनी टिपलेल्या या मराठी भाषणांची इंग्रजी भाषांतरे पुराव्यात आली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या सद्वर्तनासाठी 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात जिनांनी टिळकांची बाजू मांडली, नोव्हेंबरात न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला.

न्यायालयाने टिळकांची फोड जशीच्या तशी स्वीकारली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. सरकार माणसांमार्फतच चालते. म्हणून नोकरशाहीवरील सरसकट टीकेने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होते की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न ठरतो, असे न्या. बॅचलर म्हणाले. भाषण मात्र संपूर्ण वाचले पाहिजे. वकील या नात्याने मला हे अधिक मोलाचे वाटते. 1908 च्या खटल्यात ‘केसरी’तील लेखांच्या भाषांतरावर टिळकांनी आक्षेप घेतला होता आणि सरकारी भाषांतरकाराची स्वतः उलटतपासणी केली होती, तरी सहा वर्षांची शिक्षा टळली नाही.

सीमाभागातील आपली तक्रारही कन्नड भाषेविरुद्ध नाही, कचेरीतल्या दृश्य सरकारविरुद्ध आहे. अर्ज लिहिताना ही फोड शब्दांत उतरली पाहिजे. टिळकांनी ज्या म्हैसूरचा दाखला दिला, त्याच नावाच्या राज्यात 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव घातले गेले.