पन्हाळ्याची दारू कोणी राखली?

गडाची ताकद मोजताना आपण तट, बुरूज आणि तोफा मोजतो. पन्हाळ्याच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. तोफ ही अखेर धातूची नळी. गोळ्याला वेग देते ती तिच्यात ठासलेली दारू. शोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण, साधारण 75, 15 आणि 10 अशा प्रमाणातले. शोरा जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे ही दारू बंद नळीतही पेटते. डायनामाइटसारखी ती एका क्षणात सगळे फोडून टाकत नाही. जळता जळता वायू सोडते आणि गोळ्याला पुढे रेटते. अशा रेटा देणाऱ्या पदार्थाला शास्त्रात प्रणोदक म्हणतात. जून ते सप्टेंबर धुके आणि पाऊस हटत नाही अशा सह्याद्रीच्या माथ्यावर ही दारू मिळवण्याइतकेच ती टिकवणेही कठीण होते. गड लढता राहिला तो हे काम जमलेल्या माणसांमुळे, आणि त्यांना इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही.

पुरावा कोल्हापूरच्या राज्याचाच आहे. पन्हाळा हे कोल्हापूर गादीचे राजधानीचे ठिकाण असताना, 1715 साली, रामचंद्रपंत अमात्यांनी संभाजीराजांच्या नावे आज्ञापत्र लिहिले. त्यातले दुर्गप्रकरण बहुतेकांना तटबंदी, झाडे आणि पाण्याच्या टाक्यांसाठी माहीत असते. त्याच प्रकरणात दारूखान्याची व्यवस्था बारकाईने सांगितली आहे. तो राहत्या घरांजवळ नको, सदरेपासून अंतरावर हवा, भोवती कुसू हवे. खाली गच्ची केलेले तळघर करावे, त्यात माच घालून वर दारूची मडकी ठेवावीत, म्हणजे भांडी जमिनीला टेकणार नाहीत. बाण आणि होके मधल्या घरात ठेवावेत. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सगळे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून कोणी जवळ येऊ नये. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे आणि त्यांचे काने मेणाने बुजवावेत, हेही तिथे आहे.

आठ-पंधरा दिवसांची ही मुदत नेमकी आहे. कोळसा हवेतली ओल धरतो, आणि अशुद्ध शोरा तर त्याहून जास्त. ओल वाढली की शोरा विरघळून मिश्रणातून वेगळा होतो. मग दारू सुकवली तरी तिचे कण पहिल्यासारखे एकजीव होत नाहीत. म्हणून उन्हाचा उपयोग दारू भिजण्याआधीच आहे. मोहोर फोडून पुन्हा करण्याच्या नियमात मला दुसराही हेतू दिसतो: दर खेपेला साठा डोळ्यांखालून जातो, आणि चोरी किंवा भेसळ फार दिवस लपत नाही. रसायनशास्त्राची पुस्तके न वाचता, केवळ नुकसान पाहून आलेले हे शहाणपण आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की आज्ञापत्र हा उपदेश आहे. गडावर तसे घडत होते याचा तो पुरावा नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण लेखक कोण होता हे विसरून चालणार नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इथला कारभार आणि मोगलांशी झुंज रामचंद्रपंतांच्या शिरावर होती. वेढ्यातले गड पाहिलेल्या माणसाने भांडी कशावर ठेवावीत हे लिहिले, याचा अर्थ जमिनीवर ठेवलेल्या भांड्यांचे काय होते हे त्या पिढीला ठाऊक होते. प्रत्येक गडावर नियम पाळला गेला असा माझा दावा नाही. तो सांगण्याची गरज पडली, एवढेही पुरेसे बोलके आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पन्हाळ्याचे भवितव्य दारूने ठरलेच कुठे? 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात राजापूरचा इंग्रज वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ घेऊन आला, तरी गड त्या माऱ्याने पडला नाही. शिवाजी महाराज निसटल्यावर पुढे तो तहाने दिला गेला. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने तो रात्रीच्या छाप्यात साठ माणसांनिशी घेतला. 1701 मध्ये औरंगजेबाला तो मिळाला तोही वाटाघाटींनी. हे सगळे खरे आहे. पण वाटाघाट आणि रात्रीचा छापा यांची गरज का पडते? उघड चाल करून गेलेल्याला वरून मारा झेलावा लागतो म्हणून. न उडालेली दारूही शत्रूला अंतरावर ठेवते, मात्र ती उडेल याची त्याला खात्री असावी लागते.

पुढे बिनधुराची दारू आली म्हणून हा प्रश्न संपला नाही. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने ती तयार केली, आणि त्याच फ्रान्सच्या इएना व लिबर्ते या युद्धनौका 1907 आणि 1911 मध्ये तूलाँ बंदरात कोठारातल्या खराब झालेल्या दारूने फुटल्या. आजही अशा दारूत ती लवकर विघटित होऊ नये म्हणून स्थिरक घालतात आणि साठ्याची ठरावीक मुदतीने तपासणी करतात. घरातल्या सुगंधी फवाऱ्याच्या डब्यात द्रव ढकलायला ब्यूटेन-प्रोपेन असतो. त्यावरही उन्हात ठेवू नका अशी सूचना असते. पदार्थ वेगळा, धोका वेगळा, पण रेटा देणारी वस्तू राखावी लागते हे कायम आहे.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पर्यटक तिथे धान्याचा अंबारखाना आवर्जून पाहतात, आणि पाहावाच. गडाची माहिती सांगणाऱ्यांनी त्याच्या जोडीला आज्ञापत्रातला दारूखानाही सांगावा, आणि पंधरवड्याला मडकी उन्हात काढणाऱ्या त्या हवालदाराला गोलंदाजाच्या बरोबरीने जागा द्यावी.