काळी यादी आणि वर्ध्याचा माणूस

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर मेक्सिकोतून एका भारतीयाने मायदेशी परतण्यासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. अर्जदार होते वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. ब्रिटिश गेले, यादी मात्र कचेरीतच राहिली.

सीमेवर नाकारलेला माणूस करू शकतो तरी काय? खानखोज्यांच्या पिढीने या प्रश्नाची बहुतेक सगळी उत्तरे करून पाहिली. त्यासाठी आधी कॅनडाकडे वळू.

१९०८ मध्ये कॅनडाने नियम केला: जन्मदेशातून थेट, कुठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश. नियमात ‘भारतीय’ हा शब्दही नव्हता. पण भारतातून असे थेट तिकीट कोणतीच जहाज कंपनी देत नव्हती. शिवाय जवळ २०० डॉलर असणे सक्तीचे. बंदीचे नाव न घेता बंदी कशी घालावी, याचा हा वस्तुपाठच होय.

पहिला मार्ग न्यायालयाचा. १९१३ मध्ये ‘पनामा मारू’ जहाजावरील उतारूंना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्यांनी दाद मागितली आणि ती मिळाली. नियमांची शब्दरचना मूळ कायद्याशी जुळत नाही, असे मुख्य न्यायाधीश हंटर यांनी ठरवले. विजय खरा, पण तो मसुद्यातल्या चुकीवर उभा होता. सरकारने चूक दुरुस्त केली.

याच निकालाच्या भरवशावर गुरदित सिंग यांनी ‘कोमागाटा मारू’ भाड्याने घेतले. २३ मे १९१४ रोजी ३७६ उतारू व्हँकुव्हरला पोहोचले. पूर्वी कॅनडात राहिलेल्या थोड्यांनाच उतरू दिले. उरलेले दोन महिने जहाजावरच. किनाऱ्यावरच्या भारतीयांनी वर्गणी काढली, वकील दिला. वकिलाला मात्र जहाजावर जाऊन अशिलांना भेटू दिले नाही! मुन्शी सिंग यांचा नमुना-खटला ६ जुलैला हरला. बळाने जहाज हाकलू पाहणाऱ्या पोलिसांवर उतारूंनी कोळशाचे तुकडे फेकले. मग युद्धनौका आणली गेली. २३ जुलैला जहाज फिरले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे गोळीबार झाला आणि सुमारे वीस जण मारले गेले. परत पाठवलेल्यांना घरीही ‘संशयित’ म्हणूनच वागवले गेले, हे मला या प्रकरणातले सर्वांत विदारक वाटते.

महायुद्धानंतर कागदांचे राज्य पक्के झाले. भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट मागणारा कायदा १९२० चा. तो रद्द व्हायला २०२५ साल उजाडले. (ज्या रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध झाले, तेथील महानुभावांनाही सीमा होती: कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नये, ही चक्रधरांची आज्ञा. पण ती पाळणाऱ्याच्या मनात होती. वेशीवर तिचा पहारेकरी नव्हता.)

खानखोज्यांनी दुसरा मार्ग धरला: जो देश घेईल तो आपला मानणे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून, महायुद्धात इराणमध्ये लढून ते १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले. परक्या देशाने भिंतीवर रंगवलेला माणूस जन्मभूमीच्या दफ्तरात अजून धोकादायक होता.

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेरावे कलम येथे वाचण्यासारखे आहे. कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क त्यात आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा नाही. चौदाव्या कलमात छळापासून आश्रय मागण्याची मुभा तेवढी आहे. ‘स्वतःचा देश’ कोण ठरवणार, हे मात्र जाहीरनामा सांगत नाही.

खानखोज्यांच्या बाबतीतला निर्णय पुढे फिरवला गेला. ते नागपुरात येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच वारले.