काचपेटीतले शैवाल आणि पावणेदोनशे वर्षांचा धडा

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक आगंतुक भेटतो. काचेवर तपकिरी साय धरते, खडकांवर केसांसारखे हिरवे तंतू वाढतात आणि वाळूवर कधी लालसर, बुळबुळीत थर पसरतो. हा लाल थर बहुधा शैवालाचा नसून सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो. पण वैतागलेला मालक तो भेद करीत बसत नाही. तो दुकानात जाऊन शैवाल मारण्याचे औषध मागतो. ते विकत घेण्यापूर्वी या आगंतुकाचा इतिहास जाणून घेतलेला बरा.

गंमत अशी की काचपेटीत शैवालाचा प्रवेश उपकारकर्ता म्हणून झाला. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून घरातली मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी पुन:पुन्हा ओतत बसे. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले आणि हे कष्ट पुष्कळ हलके झाले. प्राणवायू पुरवण्याचे काम आता वनस्पती करू लागली.

१८४९ मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यात सोनमासे व पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. थोड्याच दिवसांत पाने कुजू लागली, काचेवर हिरवट थर चढला. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय या त्रिकुटाचा ‘समतोल’ त्यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडला. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि इंग्लंडातील दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाटच उसळली.

या समतोलाला एक छिद्र होते. पेटीत आपण रोज बाहेरून खाद्य टाकतो. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस माशांच्या विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेटच्या रूपाने पाण्यात साठत जातात. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ पासून दाखवून दिले की समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या शरीरात नायट्रोजन व फॉस्फरस यांचे प्रमाण सुमारे १६ : १ असते, आणि खोल समुद्राच्या पाण्यातही हे प्रमाण जवळपास तेवढेच आढळते. प्रवाळभित्तीच्या स्वच्छ पाण्यात ही दोन्ही पोषके अत्यल्प असतात. घरच्या पेटीत ती मुबलक होतात. शैवाल त्या उधळपट्टीचा हिशेब भिंतीवर लिहून दाखवते, एवढेच.

म्हणूनच औषधाने प्रश्न सुटत नाही. मेलेले शैवाल पेटीतच कुजते आणि खाल्लेली पोषके पाण्याला परत करते. गोगलगायीही अर्धेच काम करतात. त्या शैवाल खातात, पण त्यांची विष्ठा पेटीतच राहते. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी याला उत्तर दिले. प्रवाळभित्तीवरचे आखूड शैवाल त्यांनी एका जाळीवर मुद्दाम वाढवले, वर प्रखर दिवा लावला, पेटीचे पाणी त्यावरून खेळवले आणि वाढलेले शैवाल ठरावीक काळाने खरवडून काढले. प्रत्येक खरवडणीबरोबर नायट्रोजन व फॉस्फरस पेटीबाहेर गेले. आजच्या शौकिनालाही याहून वेगळा मार्ग नाही: खाद्य बेताचे द्यावे, मीठ आरओच्या पाण्यात कालवावे, दिव्याचे तास कमी करावेत, आणि शैवाल हाताने उपटून बाहेर काढावे.

पण बाहेर म्हणजे कोठे? या प्रश्नाचे उत्तर भूमध्य समुद्राने महागात शिकवले. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालील समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या पिसासारख्या हिरव्या शैवालाचा सुमारे एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. मत्स्यालयांत हौसेने वाढवलेला हा थंडी सोसणारा वाण पुढे हजारो हेक्टरांवर पसरला. समुद्रातील आणि युरोपीय मत्स्यालयांतील नमुने एकच असल्याचे जनुकीय तपासणीतून दिसले. २००० मध्ये तो कॅलिफोर्नियातही सापडला. तेथे ताडपत्री अंथरून, खाली क्लोरीन सोडून तो मारावा लागला. निर्मूलन जाहीर व्हायला २००६ उजाडले आणि खर्च ७० लाख डॉलरहून अधिक झाला. या शैवालाचा लहानसा तुकडाही नवे रोप होतो.

भारताला हा धडा परका नाही. कॅराजिनन या उपयुक्त पदार्थासाठी कप्पाफायकस अल्वारेझी हे लाल शैवाल १९८४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आणले. ते मत्स्यालयातून नव्हे, लागवडीसाठी आले, आणि रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटली. मात्र मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर चढल्याचे २००८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रसार मर्यादित असल्याचे काही शास्त्रज्ञांनी नंतर मांडले. वाद अजून मिटलेला नाही. पण एवढे निश्चित की शैवाल एकदा प्रवाळावर रुजले की ते वेचून काढण्याचे काम लागवडीहून कैक पटींनी अवघड असते.

२००१ पासून आपल्या देशात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. प्रवाळ तोडणारा हात त्या कायद्याला दिसतो. काचपेटीतून खाडीत किंवा गटारात ओतलेला हिरवा तुकडा कोणालाच दिसत नाही. तेव्हा उपटलेले शैवाल उन्हात कडक वाळवावे, मगच कचऱ्यात टाकावे. पेटीतले पाणी आणि खडक समुद्रात कधीही सोडू नयेत. घरातली कटकट घरातच संपवणे हे शौकिनाचे समुद्राशी असलेले पहिले कर्तव्य आहे.