बोसा ते आल्गेरो

सार्डिनियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोसा ते आल्गेरो हा सुमारे ४५ किलोमीटरांचा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. प्रवासी त्याची वाखाणणी करतात ती योग्यच. पण आपण आल्गेरोच्या वेशीशी अंमळ थांबू. इ. स. १३५४ मध्ये आरागॉनचा राजा चौथा पेद्रो याने वेढा घालून हे गाव घेतले. १३७२ मध्ये मूळच्या रहिवाशांना घालवून तेथे कातालान लोक वसविले. या हकालपट्टीविषयी प्रवासवर्णने सहसा गप्प असतात, हे आम्हांस खटकते. १७२० मध्ये बेट सव्हॉय घराण्याकडे गेले, पुढे इटलीत आले. कातालान बोली मात्र तेथील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. पोरेबाळे इटालियन बोलतात. आणि एके काळी दुसऱ्यांना हुसकून वसलेल्यांचे वंशज आज आपलीच बोली जगविण्याच्या विवंचनेत आहेत.