रोममध्ये गाडी भाड्याने घेताय? मग आधी 'झेडटीएल' म्हणजे काय ते समजून घ्या

इटलीची ट्रिप संपली, फोटो टाकून झाले, सगळं विसरायलाही झालं. आणि सहा-आठ महिन्यांनी क्रेडिट कार्डवरून काही हजार रुपये गेल्याचा मेसेज येतो. पाठोपाठ रोम पालिकेचं पत्र. तुमची भाड्याची गाडी अमुक तारखेला, अमुक वाजता बंदी असलेल्या रस्त्यावर शिरली, दंड भरा.

रस्त्यात कुणी अडवलं नव्हतं, शिट्टी वाजली नव्हती. मग हे झालं कसं?

झेडटीएल म्हणजे नेमकं काय?

'झोना आ ट्राफिको लिमितातो', म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांचा मध्यभाग बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंद असतो. तिथे फक्त रहिवासी, टॅक्सी, बस आणि परवानगी असलेल्या गाड्या जाऊ शकतात. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, सगळीकडे हीच पद्धत आहे.

रोममध्ये असे एकापेक्षा जास्त भाग आहेत. ऐतिहासिक मध्यभाग आठवड्याच्या कामाच्या दिवशी साधारण सकाळी ६.३० ते संध्याकाळी ६ पर्यंत बंद असतो. शुक्रवारी आणि शनिवारी रात्रीही निर्बंध असतात. त्रास्तेवेरेसारख्या खाण्यापिण्याच्या भागांच्या वेळा वेगळ्या. या वेळा बदलतात, म्हणून जाण्याआधी रोम पालिकेच्या वेबसाइटवर तपासा.

तिथे फाटक किंवा बॅरिकेड नसतं. असतो तो एक पांढरा गोल, लाल कडा असलेला फलक आणि वर कॅमेरा. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि काम संपतं.

सर्वात मोठी फसगत होते ती इलेक्ट्रॉनिक बोर्डमुळे. त्यावर 'वार्को आत्तीवो' लिहिलेलं असेल, तर अनेकांना वाटतं की रस्ता चालू आहे. अर्थ नेमका उलटा आहे! कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. 'वार्को नॉन आत्तीवो' दिसलं तरच जाता येतं.

दंड इतक्या उशिरा का येतो?

कॅमेऱ्याला फक्त गाडी दिसते आणि गाडी भाड्याच्या कंपनीच्या नावावर असते. पोलीस कंपनीला विचारतात, कंपनी करार पाहून तुमचं नाव-पत्ता कळवते. हे कळवण्याचं 'प्रशासकीय शुल्क' ती तुमच्या कार्डवरून कापते. हा दंड नव्हे! दंड वेगळा, ८० युरोंहून अधिक, आणि त्यावर टपालखर्च.

परदेशात राहणाऱ्या चालकाला नोटीस पाठवायला इटालियन कायदा ३६० दिवसांची मुदत देतो. म्हणून पत्र इतक्या उशिरा येतं. पत्र हातात पडल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले, तर अशा दंडात ३० टक्के सूट मिळते.

नकाशा अ‍ॅप झेडटीएलबद्दल दर वेळी सावध करेलच असं नाही. हॉटेल मध्यभागात असेल, तर ते तुमचा गाडी नंबर पालिकेकडे नोंदवून देतात का, हे आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

मग रोममध्ये गाडी घ्यावी की नाही?

साधा नियम: रोम पायी आणि मेट्रोने, गाडी रोमच्या बाहेर.

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस सुमारे ३२ मिनिटांत शहरात पोहोचवते. शहर पाहून झालं की पुन्हा विमानतळावर या आणि तिथून गाडी घ्या. भाडं थोडं जास्त पडू शकतं, पण तिथून शहरात न शिरता थेट 'ग्रांदे राक्कोर्दो अनुलारे' या सुमारे ६८ किलोमीटरच्या रिंग रोडवर येता. त्यावर टोल नाही. पुढे ए-१ हायवेने ऑर्व्हिएतो, फ्लॉरेन्स गाठता येतं. गाडीची खरी मजा टस्कनीतल्या वाल दॉर्चासारख्या भागात आहे. २००४ पासून हे खोरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथल्या गावांना बस कमी.

कागदपत्रं काय लागतात?

भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवं. ते आपल्या आरटीओकडून मिळतं, अर्ज 'सारथी' पोर्टलवर करता येतो, शुल्क १,००० रुपये. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन्सही सोबत लागतं. काही काउंटरवर परमिट न पाहताच किल्ली देतात. पण रस्त्यावर पोलीस मागतात, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

डिपॉझिट रोखण्यासाठी बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. वय २५ पेक्षा कमी असेल, तर बहुधा जादा पैसे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल, तर बुकिंग करतानाच तसं निवडा.

विम्यात 'एक्सेस' किती, ते वाचा. नुकसान झाल्यास तेवढी रक्कम तुमच्या खिशातून जाते. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा मूळ विम्यात नसतो. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

रस्त्यावर काय लक्षात ठेवाल?

- गाडी उजवीकडून चालते, स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर सुरू होईल, घाबरू नका. खरी चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर वळताना. तिथे हात सवयीने डावी बाजू धरतो.
- चौकात फलक नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या.
- वेगमर्यादा: हायवेवर १३० (पावसात ११०), गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ९०, वस्तीत ५०. हायवेवर काही टप्प्यांत दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजतात. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून तिथे सुटका होत नाही.
- हायवेचे फलक हिरवे, इतर मुख्य रस्त्यांचे निळे.
- टोल नाक्यावर चढताना तिकीट घ्या, उतरताना पैसे भरा. पिवळी 'टेलेपास' लेन आपली नाही. तिकीट हरवलं, तर सर्वात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लागतो.
- पार्किंग: पांढरी रेघ मोफत, निळी पैसे देऊन, पिवळी राखीव.
- पेट्रोलला 'बेंझिना', डिझेलला 'गाझोलिओ' म्हणतात. 'सर्व्हितो' पंपावर कर्मचारी भरून देतो आणि दर जास्त पडतो, 'सेल्फ' स्वस्त.
- अडचण आली, तर ११२.

दुसऱ्या देशात जायचं असेल तर?

गाडी सीमेपलीकडे नेण्याची परवानगी कंपनीकडून आधी घ्या. नाहीतर विमा लागू होणार नाही. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी 'विन्येट' नावाचा टोल पास लागतो. स्वित्झर्लंडचा पास ४० फ्रँकला मिळतो.

थोडक्यात, इटलीत गाडी चालवणं अवघड नाही. जुन्या शहराच्या तोंडाशी पांढरा-लाल गोल दिसला, की गाडी बाहेर लावा आणि चालत आत जा. पार्किंगला दहा-वीस युरो जातील, पण आठ महिन्यांनी पत्र येणार नाही.