घोडमाशी : झिजलेल्या नमुन्यांवरून जातिनिश्चिती

टॅबॅनिडी कुलातील माश्यांची जात मुख्यतः अंगावरील लव, भुरकट लेप आणि उदरावरील फिकट त्रिकोणी ठिपके यांवरून ओळखली जाते. नेमक्या याच खुणा जुन्या माशीच्या अंगावरून, सापळ्यात किंवा कुपीत घासून, आधी जातात. जिवंतपणी चमकणारे डोळ्यांवरचे हिरवे-जांभळे पट्टे सुकल्यावर मावळतात; नमुना दमट डब्यात ठेवल्यास ते बरेचदा पुन्हा दिसू लागतात.

झिजलेल्या नमुन्यात भर द्यावा तो कठीण भागांवर. मादीच्या दोन डोळ्यांमधील कपाळपट्टीची उंची व तळाची रुंदी यांचे प्रमाण, पट्टीवरील चकचकीत उंचवट्याचा आकार आणि शृंगिकेच्या तिसऱ्या खंडाची घडण सहसा बदलत नाही. क्रायसॉप्स या प्रजातीतील माश्यांना डोक्यावर तीन साधे डोळे आणि मागील पायांच्या नडगीवर काटे असतात. हीमॅटोपोटा प्रजातीचे पंख चित्रविचित्र ठिपक्यांचे असतात. मोठा धोका चेहऱ्यावर शृंगिकांच्या लगेच वर असलेल्या भागाचा आहे. तेथील भुरकट लेप घासला गेला की पृष्ठभाग तपकिरी व तुळतुळीत दिसतो आणि निसर्गतःच तुळतुळीत असलेल्या वेगळ्या जातीचा भास होतो. तिरप्या उजेडात, भिंगाखाली, कडेच्या खाचेत लेपाचा अवशेष शोधावा.

भारतात जनावरांमधील सर्रा रोग या माश्यांमार्फत पसरतो. म्हणून चुकीचे नाव केवळ संग्रहालयापुरते राहत नाही. शंका असल्यास चिठ्ठीवर फक्त प्रजातीचे नाव लिहावे आणि डीएनए तपासणीसाठी एक पाय राखून ठेवावा.